दुसरा फ्लॅश

मास्तर फ्लॅशला हात लावत नाहीत, हे धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तसे ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पण गावातल्या अर्ध्याअधिक फोटोग्राफरांनी कॅमेरा कसा धरायचा हे त्यांच्याकडून शिकून घेतलेलं, म्हणून ते मास्तर. त्यांची बायको खरं तर मास्तरीणबाई व्हायची, पण ती झाली सगळ्यांची वहिनी. लग्नाची रिसेप्शनं, वाढदिवस, कंपन्यांचे कार्यक्रम, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, काहीही असो, ही जोडी दोन खांद्यांवर दोन बॅगा लटकावून हजर असायची.

फ्लॅशबद्दल मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घरी आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर आपण टॉर्च मारतो का? मग फोटो काढताना का मारायचा?" ते खिडकीच्या उजेडात फोटो काढत, टेबलावरच्या दिव्यात काढत, केकवरच्या मेणबत्त्यांतसुद्धा काढत. कोपर बरगडीला टेकवायचं, अर्धा श्वास सोडायचा, आणि मग बोट असं दाबायचं की बोटालासुद्धा कळता कामा नये. उजेड कमी असला की शटर बराच वेळ उघडं राहतं, तेवढ्यात हात जरासा हलला तरी फोटो गेला. मास्तरांचा हात हलत नसे. "भिंतीला खिळा ठोकलाय जसा," असं लोक म्हणत.

म्हणून एका सकाळी चहा पिताना मास्तर म्हणाले, "एक फ्लॅश घेऊन टाकू या म्हणतो," तेव्हा वहिनींनी हातातला कप खाली ठेवला.

"का हो? एकदम?"

"एकदम काय त्यात? जग बदललं. लोकांना हल्ली लखलखीत फोटो लागतात."

वहिनींनी मान डोलावली आणि कप पुन्हा उचलला. मास्तरांच्या कपात चहा अर्धाच होता. त्या गेले काही महिने अर्धाच ओतत होत्या, आणि मास्तरही कधी "अर्धाच का?" म्हणून विचारत नव्हते.

डॉक्टरांकडे दोघं जाऊन आले होते. नसांचा आजार आहे, हाताला कंप राहणार, हळूहळू वाढणार, गोळ्यांनी वेग जरा कमी होईल, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर दोघांत फारसं बोलणं झालं नाही. वहिनींनी बटणं नसलेले, डोक्यातून घालायचे शर्ट आणले, सुरीनं चिरायची कामं स्वतःकडे घेतली, सहीची वेळ आली की त्या उगाच दुसरीकडे बघायला लागल्या. घरात आजार होता. कामावर तो नव्हता. असा काही करार दोघांनी केला नव्हता, तरी दोघं तो पाळत होते.

फोटो निवडणं, त्यांचे रंग सारखे करणं, अल्बम लावणं हे सगळं वहिनींचं काम. त्यामुळे हाताचं खरं काय चाललंय ते त्यांना मास्तरांच्याही आधी कळलं होतं. स्क्रीनवर चेहरा मोठा करून बघितला की एका पापणीच्या जागी दोन पापण्या दिसत. पहिल्यांदा त्यांनी लेन्सवर खापर फोडलं आणि ती दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दिली. त्यानं उघडून पाहिली, पुसली आणि परत केली. "लेन्स ठणठणीत आहे, वहिनी." 

दुकानात दोघं बरोबरच गेले. कॅमेऱ्यांचं ते दुकान म्हणजे मास्तरांचा जुना अड्डा, आणि दुकानदार त्यांचा जुना चेला. मास्तरांना फ्लॅशच्या कपाटापाशी उभं पाहून त्यानं आधी चष्मा काढून पुसला.

"मास्तर, तुम्ही? आणि फ्लॅश? आज सूर्य कुठून उगवलाय?"

"टर उडवू नकोस. दाखव काय आहे ते."

त्यानं काउंटरवर तीन फ्लॅश मांडले. एक छोटासा, हलका, मुठीत मावेल असा. दुसरा मध्यम, त्याला साध्या पेन्सिल सेलऐवजी स्वतःची चार्ज होणारी बॅटरी होती. तिसरा कॅमेऱ्याच्याच कंपनीचा, चांगला दणकट, डोकं चहूबाजूंनी फिरणारा. एकेक हातात घेऊन तो सांगत गेला. ह्याचा उजेड किती लांब जातो, एकदा उडाल्यावर पुन्हा किती लवकर तयार होतो, सलग उडवला तर किती तापतो. फ्लॅश निवडताना माणसं हेच विचारतात. नाचणारे लोक, स्टेजवर पटापट चढणारे पाहुणे. तिथे फ्लॅश तयार व्हायची वाट बघत बसलं तर कार्यक्रम पुढे निघून जातो.

मास्तर ऐकत होते, पण त्यांचं लक्ष वेगळीकडेच होतं. मध्येच त्यांनी विचारलं, "हा पेटलेला किती वेळ राहतो?"

"म्हणजे?"

"उडाला की उजेड किती वेळ राहतो?"

दुकानदार थांबला. असं कुणी विचारत नसे. "सेकंदाचा हजारावा भाग धरा. कमी ताकदीवर ठेवलात तर त्याहूनही कितीतरी कमी. तेवढ्यात जे असेल ते थिजतं. पंख्याचं पातंसुद्धा उभं दिसतं."

बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. काउंटरच्या काचेवर मास्तरांचा उजवा हात टेकलेला होता, आणि बोटातली अंगठी काचेवर बारीक टकटक करत होती. मास्तरांनी हात खिशात घातला.

 मग दुकानदारानं घसा खाकरला. "लहान मुलांचे वाढदिवस फार असतील ना तुमच्याकडे? पोरं एका जागी थांबत नाहीत. त्यांच्यासाठी हे बरं पडतं."

"हो ना," मास्तर म्हणाले. "हल्लीची पोरं म्हणजे अंगात वारं शिरल्यासारखी."

"बसतच नाहीत मुळी," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीला बांधून ठेवावं लागेल."

तिघंही हसले. गरजेपेक्षा जरा जास्तच.

मास्तरांनी आधी छोटा फ्लॅश लावून बघितला आणि लगेच काढला. "हा कॅमेऱ्यावर चिमणी बसल्यासारखा वाटतो. वजनच नाही." मधला त्यांना ठीक वाटला. मोठा चढवल्यावर मात्र कॅमेरा हातात जड झाला, आणि त्या वजनानं हाताचा कंपही थोडा दबला असावा. त्यांनी फ्लॅशचं डोकं वर छताकडे वळवलं, दुकानदाराला म्हणाले, "इकडे बघ," आणि बटण दाबलं. उजेड पांढऱ्या छताला लागून मऊ होऊन खाली उतरला. फोटो त्यांनी मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. दुकानदाराच्या मिशीतला केस न् केस सुटा दिसत होता.

वहिनी फोटोकडे बघत नव्हत्या, मास्तरांकडे बघत होत्या. कितीतरी दिवसांत त्यांनी तो चेहरा पाहिला नव्हता.

"हाच दे," मास्तर म्हणाले.

दुकानदारानं खोक्यात फ्लॅश भरताना खालच्या आवाजात, जणू खोक्यालाच सांगावं तसं, सांगितलं, "ताकद कमी ठेवायची, कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवायची. म्हणजे पोरं अगदी स्वच्छ थिजतील."

पुढच्याच आठवड्यात एक वाढदिवस होता. हॉल बेताचा, छत खाली आणि पांढरंशुभ्र. मास्तर फ्लॅश छताला लावून उडवत होते आणि दर चार फोटोंनंतर मागच्या पडद्यावर पापण्या तेवढ्या बघून मान डोलावत होते. घरी परतताना ते बसमध्ये शीळ घालायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं, तरी थांबले नाहीत.

वहिनींनी फोटो संगणकावर उतरवले. पापण्या सुट्या होत्या. थरथर कुठेच नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. पण पुढचे फोटो बघता बघता ते पाणी आपोआप सुकलं.

फ्लॅशनं हाताची थरथर थांबवली होती, हाताचा उशीर थांबवला नव्हता. केक कापून झाल्यावरची सुरी होती. फुंकर मारून झाल्यावरचे, धूर सोडणाऱ्या मेणबत्त्यांचे फोटो होते. बापानं मुलीला उचलून वर उडवलं, तर फोटोत बापाचे फक्त वर गेलेले हात होते आणि मुलगी चौकटीबाहेर. एका फोटोत आजीचं अर्धं डोकं कापलेलं. सगळं कसं आरशासारखं लख्ख, आणि सगळं क्षणभर आधीचं किंवा क्षणभर नंतरचं. मास्तरांना हवं होतं तेव्हा बोट दाबलं जात नव्हतं. बोटाच्या मनाला येईल तेव्हा ते दाबलं जात होतं.

वहिनींकडे कार्यक्रमात दुसरा, जुना कॅमेरा असे. ग्रुप फोटो, टेबलाची सजावट, भेटवस्तूंचा ढीग असली कामं त्यांची. "ग्रुप फोटो म्हणजे माणसांची मोजदाद," मास्तर म्हणायचे, "त्याला फोटोग्राफर कशाला, कारकून पुरे." त्या दिवशी वहिनींनी आपल्या कॅमेऱ्यातले फोटो धुंडाळले. केक कापतानाचा एक मिळाला, टेबलाच्या कडेनं सहज काढलेला. तो त्यांनी मास्तरांच्या फोटोंमध्ये सरकवला. मग आणखी एक सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दुकानात गेल्या. दुकानदारानं काही न विचारता खालच्या खणातून तो छोटा, चिमणीएवढा फ्लॅश काढून समोर ठेवला. "मला वाटलंच होतं, वहिनी," एवढंच म्हणाला.

घरी त्यांनी फ्लॅश लपवला नाही. "तुमचं बघून मलाही हौस आली," त्या म्हणाल्या. "ग्रुप फोटोंना बरा पडेल." मास्तर इतके खूश झाले की जेवण टाकून उठले. दिवसभर त्यांनी वहिनींना शिकवलं. उजेड छताला कसा लावायचा, छत रंगीत असलं की चेहरेही तसेच रंगतात म्हणून भिंतीला कसा लावायचा, माणसं चष्मेवाली असली तर कुठे उभं राहायचं. खुर्चीवर उशी ठेवून तिचेच फोटो काढायला लावले. "अगं, उशीला लाजतेस काय? दाब!" वहिनी हसत होत्या आणि दाबत होत्या. तीस वर्षं आपण फ्लॅशला नावं ठेवली होती, ह्याची मास्तरांना आठवणसुद्धा नव्हती.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात वहिनी मास्तरांच्या खांद्यामागे दोन पावलांवर राहू लागल्या. ते ज्या बाजूला उजेड लावत, त्याच बाजूला त्या लावत. घरी दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो एकत्र करत आणि निवडत. पहिल्यांदा थोडे बदलले, मग निम्मे, मग बहुतेक. ग्रुप फोटो आता मास्तरही काढत; तिथे माणसं थांबून असतात, म्हणून त्यांचे तेवढे राहू देत. मास्तर मागे खुर्ची ओढून बसत, निवडलेले फोटो बघत आणि मांडीवर थाप मारत. "बघ! उगाच इतकी वर्षं हट्ट केला मी. फ्लॅशनं मला परत उभं केलं बघ."

वहिनी "हं" म्हणत.  सांगून टाकावं असं त्यांना रोज वाटे. मग आतल्या खोलीतून शीळ ऐकू येई, आणि सांगणं दुसऱ्या दिवसावर जाई.

असेच महिने गेले. मग एका जोडप्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं काम आलं. काका ताठ, बोलके. काकू चाकाच्या खुर्चीत. काकूंना अर्धांगवायू होऊन गेला होता, बोलणं थांबलं होतं. मुलांनी मोठा हॉल घेतला होता. एका टप्प्यावर दिवे मालवून भिंतीवर जुने फोटो दाखवायला सुरुवात झाली, आणि सगळा हॉल तिकडे वळला. मास्तर पुढे, पडद्यापाशी, लोकांचे चेहरे टिपायला गेले.

वहिनी मागेच होत्या. कोपऱ्यातल्या टेबलावर एक दिवा तेवढा चालू राहिला होता. त्या दिव्याशेजारी काका खुर्चीपुढे गुडघ्यावर बसले आणि काकूंच्या ओघळलेल्या ओठांचा कोपरा आपल्या रुमालानं टिपायला लागले. टिपता टिपता कानाशी काहीतरी बोलले. काकूंचा अर्धाच चेहरा हसू शकत होता, तेवढा हसला.

वहिनींचा हात आपोआप फ्लॅशकडे गेला आणि थांबला. इथे फ्लॅश उडवणं म्हणजे त्या दोघांच्या खोलीचं दार लाथेनं उघडण्यासारखं होतं. त्यांनी तो बंद केला. कोपर बरगडीला टेकवलं. अर्धा श्वास सोडला.

घरी त्यांनी तो फोटो स्क्रीनवर उघडला. हा फोटो द्यायचा नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं. फ्लॅश नाही, जागा हॉलच्या मागची, मास्तर त्या वेळी पुढे. मास्तर झोपेतही ओळखतील. पण तो पुसून टाकायला बोट धजेना. मास्तरांचा हात शाबूत असता तर त्यांनी काढला असता अगदी तसाच तो होता, म्हणून असेल. आणि तो वहिनींचा स्वतःचा होता, म्हणूनही असेल. त्यांनी तो मास्तरांना दाखवायच्या फोटोंत घातला नाही; काकांच्या घरी द्यायच्या फोटोंत मात्र घातला.

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. बातमी कळली तशी मास्तर म्हणाले, "भेटून यायला हवं." दोघं गेले. दार काकांनीच उघडलं. ताठ माणूस कमरेत वाकला होता. बाहेरच्या खोलीत सोफ्यासमोरच्या भिंतीवर तो फोटो होता, दारापेक्षा थोडासाच लहान करून लावलेला.

वहिनी उंबऱ्यातच थांबल्या. मास्तर पुढे झाले. फोटोसमोर उभे राहिले, जवळ गेले, पुन्हा मागे सरले. आधी त्यांनी काकूंच्या डोळ्यांतला उजेड बघितला. तिथे दिव्याचा पिवळा ठिपका होता, बाकी काही नव्हतं. मग सावली कुठल्या बाजूला पडलीये ते पाहिलं. मागे वळून वहिनींकडे मात्र पाहिलं नाही.

"रोज इथेच बसतो मी," काका म्हणाले. "तिचा आजारानंतरचा एकही फोटो मला बघवत नव्हता. हा एक बघवतो." ते पुढे आले आणि मास्तरांचा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. तो हात थरथरत होता. काकांचेही थरथरत होते. "ह्या हाताचे उपकार कसे फेडू, सांगा मला."

मास्तरांनी हात सावकाश सोडवून घेतला.

"हा हात नव्हे, काका," ते म्हणाले. "हिचा. हा फोटो हिनं काढलाय."

"असं?" काका गोंधळले. "मला वाटलं, तुम्ही…"

"मी तेव्हा पुढे होतो. मला दिसलं नाही." आणि मग, विद्यार्थ्यांना दाखवत तसं, फोटोकडे बोट करून, "बघा ना, फ्लॅश वापरलेला नाही. कळतंय ना तिला कुठे थांबायचं ते."

ते सगळं त्यांनी इतक्या अदबीनं, इतक्या कौतुकानं सांगितलं की वहिनींना त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती.

बाहेर आल्यावर मास्तर बसच्या थांब्याकडे न वळता सरळ चालत राहिले. वहिनी मागोमाग. बराच रस्ता संपल्यावर ते म्हणाले, "कधीपासून?"

"अहो…"

"कधीपासून, एवढं सांग."

"पहिल्या वाढदिवसापासून."

"म्हणजे फ्लॅश आणला तेव्हापासूनच." ते थांबले. एका बंद दुकानाच्या पायरीला त्यांनी हात टेकला. "मग हल्ली माझे कुठले असतात?"

वहिनींना खोटं सुचेना. "ग्रुप फोटो तुमचे असतात," त्या म्हणाल्या.

मास्तर हसले. ते हसणं वहिनींना नंतर कधी विसरता आलं नाही.

"सांगायचं होतंस गं," ते म्हणाले. "दुकानदाराला ठाऊक असेल. लेन्सवाल्याला असेल. मी एकटाच घरभर शीळ घालत फिरत होतो. वेड्यासारखा."

"तुम्ही शीळ घालत होतात म्हणून तर सांगवलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि रस्त्यातच त्यांना रडू फुटलं. मास्तरांनी त्यांना थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. रडणं आवरेपर्यंत शेजारी उभे राहिले, जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसू नये म्हणून आडोशासारखे.

घरात काही दिवस कामापुरतं बोलणं उरलं. मास्तर चिडले नाहीत, त्यांनी भांडण काढलं नाही. वहिनी मनातल्या मनात म्हणायच्या, चिडा एकदा, काहीतरी आपटा. ते अर्धा कप चहा प्यायचे आणि कप स्वतः विसळून ठेवायचे.

पुढचं काम एका बाईंच्या निवृत्तीच्या समारंभाचं होतं. सकाळी मास्तरांनी आपला कॅमेरा उचलून वहिनींच्या बॅगेत ठेवला. "हा तू वापर, तुझा जुना झालाय. मी उजेड धरतो. मोठा फ्लॅश हातात धरून बाजूनं उजेड देता येतो. माझा हात हलला तरी बिघडत नाही त्यात काही."

वहिनींना वाटलं, निभावलं. खरंच वाटलं. हॉलमध्ये मास्तर फ्लॅश उंच धरून त्यांच्या डावीकडे उभे राहिले, आणि उजेड असा देखणा पडला की वहिनींना सगळे चेहरे कोरल्यासारखे दिसायला लागले. मग भाषणं सुरू झाली. निवृत्त होणाऱ्या बाई ऐकत बसल्या होत्या. एकाएकी मास्तर कुजबुजले, "आता." वहिनींनी दाबलं, बाईंचे तोवर डोळे पुसून झाले होते. "तो बघ, मागच्या रांगेत, आता." वहिनी वळल्या, मागच्या रांगेतला माणूस सरळ होऊन बसला होता. "आता. अगं, आता!" आवाज वाढला, पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. वहिनींनी घाईघाईनं दाबलं आणि चौकट तिरकी झाली.

पुन्हा उजेड पडला नाही. वहिनींनी बाजूला पाहिलं तर फ्लॅश खुर्चीवर ठेवलेला होता आणि मास्तर नव्हते.

ते त्यांना हॉलच्या मागच्या बाजूला सापडले, जिथे रिकाम्या खुर्च्या रचून ठेवतात तिथे. जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकवून. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"मला दिसतं गं," ते म्हणाले. "तुला सांगतो, अजून सगळं दिसतं. व्हायच्या आधी दिसतं. माणूस रडणार, हे त्याला कळायच्या आधी मला कळतं. नुसतं हातापर्यंत पोचत नाही. आणि तुझ्यापर्यंतही पोचत नाही. तोंडातून शब्द निघेपर्यंत ते गेलेलं असतं."

वहिनी खाली बसल्या. आतून टाळ्यांचा आवाज आला.

"जा," मास्तर म्हणाले. "सत्कार चाललाय. तो चुकला तर परत नाही मिळायचा."

आणि वहिनी गेल्या. जावंच लागलं. त्या दिवशी नवरा जमिनीवर बसलेला असताना आपण उठून गेलो, हे त्यांच्या मनाला कायमचं लागून राहिलं. पण सत्कार खरोखरच परत मिळाला नसता, आणि हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं.

त्यानंतर मास्तर कार्यक्रमाला आले नाहीत. फोन ते घेत. कुणी जुनं ओळखीचं विचारलं तर सरळ सांगत, "फोटो बायको काढते. नाही, मी नसतो. काळजी करू नका, माझ्यापेक्षा बरी काढते." सांगताना आवाज अगदी नेहमीचा असे. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ते तिथेच बसून राहत. निवडलेले फोटो बघायला ते खुर्ची ओढून मागे बसेनासे झाले. वहिनींनी एकदोनदा हाक मारली. "तूच बघ," आतून उत्तर आलं. हाक मारणं मग वहिनींनीही सोडलं.

दुकानदार एकदा घरी येऊन गेला. येताना नव्या फ्लॅशचं माहितीपत्रक घेऊन आला होता, पहिल्यापेक्षा हलका आणि लवकर तयार होणारा म्हणून. मास्तरांनी ते चष्मा लावून नीट वाचलं, दोनचार प्रश्न विचारले, आणि वहिनींकडे सरकवलं. "हिला दाखव. वापरणार ती."

परवा एका मुलाच्या वाढदिवसाचं काम होतं, दुपारचं. वहिनी बॅग भरून निघाल्या. दारापर्यंत मास्तर आले. "त्या हॉलचं छत काळ्या लाकडाचं आहे," ते म्हणाले. "वर लावून उपयोग नाही. उजवीकडची भिंत पांढरी आहे." एवढं सांगून ते आत गेले.

उजवीकडची भिंत खरंच पांढरी होती. त्या दिवशी वहिनींना एक फोटो मिळाला. मुलगा मेणबत्तीवर वाकलेला, गाल फुगवलेले, आणि त्याच्यामागे त्याची आई, नकळत तसेच गाल फुगवून. अगदी त्या क्षणाचा. ना आधीचा, ना नंतरचा. मागच्या पडद्यावर तो पाहून वहिनी भर हॉलमध्ये एकट्याच हसल्या, आणि कुणाला तरी दाखवावा म्हणून डावीकडे वळल्या. डावीकडे भेटवस्तूंचं टेबल होतं.

घरी आल्या तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मास्तर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. उजवा हात उशीखाली होता, आणि उशी बारीक बारीक हलत होती. ते जागे होते. वहिनींना ते कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मास्तरांनाही कळत होतं. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून त्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आवाज न करता दार ओढून घेतलं आणि चहा टाकायला गेल्या.